शंभर टक्के संपर्क

हेडक्लार्क खोटं बोलत नाही, असं त्याची बायको चारचौघांत छातीठोकपणे सांगायची, आणि तिचं काही चूक नव्हतं. तो खोटं बोलायचा नाही. खरं सांगायचं तेवढं पुढे ढकलायचा. एकाच विद्यापीठात एकतीस वर्षं खुर्ची झिजवली की ही विद्या माणसाला आपोआप येते, तिला वेगळी पदवी लागत नाही.

विद्यापीठ तरी केवढं! दोन इमारती, एक मैदान आणि एक ग्रंथालय, ज्याचं दार पावसाळ्यात फुगून बसायचं. तिथे नव्या कुलगुरू बाई आल्या आणि पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, "आपली शिकलेली माणसं कुठे कुठे पोचली असतील, आणि आपल्याला त्यांचा पत्ता नाही. घरातून गेलेल्या माणसाबद्दल इतकी बेपर्वाई कुणी दाखवतं का?" बाकीचे माना डोलावून चहा प्यायला गेले. हेडक्लार्कला मात्र ते मनापासून लागलं, कारण तो स्वतः इथल्याच तिसऱ्या तुकडीचा होता. बाईंनी त्याचा चेहरा बरोबर हेरला आणि माजी विद्यार्थी कक्ष त्याच्या गळ्यात घातला.

कक्ष म्हणजे खेळाचं सामान ठेवायची जुनी खोली. क्रिकेटच्या बॅटा बाहेर गेल्या, एक टेबल, एक टेलिफोन, एक संगणक आणि एक ऑपरेटर बाई आत आल्या. सुरुवात पहिल्या पाच तुकड्यांपासून करायची ठरली. माणसं तीनशे बारा. खरं सांगायचं तर पहिले तीन महिने हेडक्लार्क इतका खुश होता, की बायको म्हणाली, "लग्नातही तुमचा चेहरा असा नव्हता." फोन लावायचा, नाव सांगायचं, आणि पलीकडचा पन्नाशीचा माणूस एकदम वीस वर्षांचा होऊन ओरडायचा, "अरे ठेंगू! तू अजून जिवंत?" ठेंगू हे त्याचं वसतिगृहातलं नाव. एक जण दातांचा डॉक्टर झाला होता, एकीने स्वतःची शाळा काढली होती, एक जण फोनवर चक्क रडला. दोनशे चौऱ्याहत्तर माणसं सापडली. सत्तावीस जण गेल्याचं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं. उरले अकरा.

या अकरांपैकी दहा जणांना शोधायला त्याने जिवाचं रान केलं होतं. जुने शेजारी, सासरची माणसं, बंद पडलेल्या कारखान्याचा वॉचमन, कुणी म्हणून सोडलं नाही. अकरावा मात्र हरवलेला नव्हताच. त्याचा नंबर दातांच्या डॉक्टरने दुसऱ्याच दिवशी दिला होता, आणि तो हेडक्लार्कच्या खिशातल्या डायरीत नीट अक्षरात लिहिलेला होता. अकरावा होता लंबू.

लंबू आणि ठेंगू वसतिगृहात एकाच खोलीत राहायचे. दोघं बरोबर चालले की अख्खं मैदान हसायचं. सुट्टीत ठेंगू लंबूच्या घरी जायचा. एकदा तो तिथे तापाने फणफणला होता, तर लंबूची आई चार रात्री उशाशी बसून होती. ठेंगूचं स्वतःचं घर लांब होतं आणि आई नव्हती. लंबूच्या आईने ते कधी बोलून दाखवलं नाही, फक्त डबा भरताना दोन भरायला लागली.

मग पदवी झाली. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत जागा निघाली. दोघांनी अर्ज केले आणि लंबूची निवड झाली. ठेंगूला तेव्हा विद्यापीठातच कारकुनाची नोकरी लागली होती, गुणपत्रकांच्या खिडकीवर. लंबूला महिन्याच्या आत गुणपत्रकाची शिक्का मारलेली प्रत पाठवायची होती. त्याने अर्ज दिला, तोही आपल्या मित्राच्याच हातात. काम पाच मिनिटांचं. ठेंगूने तो अर्ज खालच्या खणात टाकला.

का टाकला, हे त्याला तेव्हाही नेमकं सांगता आलं नसतं. आज टाकतो, उद्या काढतो, एवढंच म्हणाला असेल मनाशी. पण लंबू खिडकीवर आला की त्याच्या चेहऱ्यावरचा तो निघायच्या तयारीचा आनंद दिसायचा आणि ठेंगूचा हात खणाकडे जायचाच नाही. "साहेब रजेवर आहेत रे." "शिक्का दुसऱ्या विभागात गेलाय." "चौकशी करून सांगतो." लंबू नऊ वेळा आला. मुदत संपल्यावर चौथ्या दिवशी ठेंगूने प्रत दिली, कपाळावर घाम वगैरे आणून. आणि लंबूने काय करावं? त्याला मिठी मारली. म्हणाला, "तू माझ्यासाठी किती खटपट केलीस रे!"

त्या मिठीनंतर हेडक्लार्कने त्याला कधी पत्र लिहिलं नाही, की कधी फोन केला नाही. लंबूची पत्रं यायची, मग तीही थांबली. माणसाला दुष्टपणा एकवेळ पचतो हो. आपण ज्याचं वाटोळं केलं त्याने आपले आभार मानलेले मात्र पचत नाहीत.

तर उरले अकरा. संगणकाच्या तक्त्यात प्रत्येक नावापुढे तीन पर्याय होते: संपर्कात, संपर्क नाही, दिवंगत. टक्केवारी काढताना दिवंगत माणसं वगळली जायची, कारण मेलेल्याशी संपर्क कोण ठेवणार? विद्यापीठाचा दर्जा ठरवणारी मूल्यमापनाची समिती यायला आठवडा राहिला होता. कुलगुरू बाई खोलीत डोकावून म्हणाल्या, "शंभर झाले असते तर काय बहार आली असती! असो. तुम्ही केलंत तेही काही कमी नाही." त्या 'असो'ने हेडक्लार्कचा घात केला. ऑपरेटर बाई जेवायला गेल्यावर तो संगणकापुढे बसला आणि एका बोटाने, एकेक करून, अकराही माणसं त्याने दिवंगत करून टाकली. दहांच्या वेळी त्याला थोडं वाईट वाटलं. अकराव्याच्या वेळी, देवाशपथ, बरं वाटलं. आता हा फोन करायला नको.

समिती आली. तीन जण, तिघांच्या हातात फायली. बाईंनी त्यांना अभिमानाने या खोलीत आणलं. भिंतीवर तक्ता लावला होता: शंभर टक्के संपर्क. समितीतले वयस्कर गृहस्थ म्हणाले, "कमाल आहे! मोठमोठ्यांना जमलेलं नाही हे." बाई म्हणाल्या, "आणि जे राहिले नाहीत त्यांनाही आम्ही विसरलो नाही. अडतीस घरांना माझ्या सहीचं सांत्वनपत्र गेलंय. परवाच टपालात पडली सगळी."

हेडक्लार्कला हे नवीनच होतं. पत्रं बाईंच्या सचिवाने परस्पर यादीवरून काढली होती. तरी वर तो हसतच होता. आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"हॅलो, साहेब," पलीकडून म्हातारा आवाज आला, "तुमच्याकडून पत्र आलंय. माझ्या मुलाबद्दल." आणि तिने लंबूचं पूर्ण नाव सांगितलं.

पहिल्या 'हॅलो'लाच त्याने तो आवाज ओळखला होता. याच आवाजाने त्याला चार रात्री "झोप, मी आहे इथे" म्हणून सांगितलं होतं. आता तो त्याला साहेब म्हणत होता.

"पत्रात लिहिलंय की तो गेला," ती म्हणाली. "तो दुसऱ्या गावी असतो. गेल्या आठवड्यात तर बोलला माझ्याशी. खरं आहे का हो, साहेब? तुमच्याकडे नक्की काय लिहिलंय?"

तिघंही परीक्षक त्याच्याकडे बघत होते. बाई कौतुकाने बघत होत्या, माजी विद्यार्थ्याचा फोन आला म्हणून. "आई, साफ चूक आहे, तो ठणठणीत आहे," इतकं बोलायला किती वेळ लागतो? पण तो ठणठणीत आहे हे तरी हेडक्लार्कला कुठे माहीत होतं? त्याने विचारलंच नव्हतं. आणि मुख्य म्हणजे 'चूक' हा शब्द त्या तक्त्याखाली उभं राहून उच्चारायची त्याची छाती झाली नाही.

"चौकशी करून कळवतो," तो म्हणाला.

"कळवाल ना?" तिने विचारलं. "मी फोनजवळच बसते." त्याने रिसीव्हर खाली ठेवला. वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "कोण होतं?" तो म्हणाला, "एका विद्यार्थ्याची आई." सगळ्यांना फार बरं वाटलं.

नंतर समितीचं जेवण झालं, भाषणं झाली, फोटो झाले. डायरी खिशातच होती. लंबूला एक फोन, मग त्याच्या आईला एक फोन, संपला विषय. पण लंबूने "हॅलो" म्हटलं तर पुढे काय बोलायचं, या विचारानेच त्याचा हात खिशापर्यंत जाऊन परत यायचा. तिने एव्हाना मुलाला लावला असेल फोन, तो स्वतःला समजावत राहिला, कळलं असेल तिला, आपण कशाला मधे पडा. असं म्हणत म्हणत पाच वाजले आणि तो घरी गेला. ताट अर्ध्यावरच सारलं. बायकोने विचारलं तर म्हणाला, पित्त झालंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी खोलीच्या दारात वाकून एक माणूस आत आला. केस सगळे पांढरे, पण उंची तीच.

"ठेंगू!" लंबू म्हणाला. "अरे, मी मेलो आणि मला कुणी कळवलंही नाही?"

ऑपरेटर बाई खो खो हसल्या आणि चहा सांगायला बाहेर गेल्या. हेडक्लार्क उभा राहिला. लंबूने खुर्ची ओढली. तो पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होता, निवृत्तीला दोन वर्षं होती, गुडघा दुखत होता. भांडायला आलेल्या माणसाचा सूर नव्हता हा. "तू इथेच आहेस हे बरं झालं," तो म्हणाला. "नाहीतर इथे माझं कोण ऐकून घेणार? तेव्हाही तूच धावपळ केली होतीस."

"पत्राचं..." हेडक्लार्कने सुरुवात केली.

"पत्राचं जाऊ दे रे. संगणकाची चूक असणार. मी त्यासाठी आलोच नाही." लंबूचा चेहरा गंभीर झाला. "आईने पाठवलंय मला. त्या दिवशी बाराला तिला पत्र मिळालं. मला फोन करायची तिला हिंमतच होईना. म्हणे, मी लावला आणि तुझ्याऐवजी दुसऱ्याच कुणी उचलला तर? म्हणून तिने पत्रावरच्या नंबरवर फोन केला. इथला माणूस म्हणाला, चौकशी करून कळवतो. तर ही बाई सहा तास फोनपुढे बसून. पाण्याला उठली नाही. शेजारीण आली तर तिला म्हणाली, बोलू नकोस, फोन येणार आहे. संध्याकाळी मी नेहमीसारखा फोन केला, तर माझा आवाज ऐकून तिच्या तोंडून शब्द फुटेना. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने गाठलं मी तिला."

लाज लाज म्हणतात ती इतकी अंगभर असते, कानाच्या पाळ्यांपर्यंत, हे हेडक्लार्कला पंचावन्नाव्या वर्षी कळत होतं.

"तर तो फोन उचलणारा माणूस कोण?" लंबूने विचारलं. "मला भेटायचंय त्याला."

पळवाट समोर होती. ऑपरेटर बाई, सचिव, रजेवर गेलेला कुणीतरी. जिभेवर शब्द तयारसुद्धा होते, एकतीस वर्षांची सवय ती. "चौक..." इतकं तोंडातून आलंही. मग तो थांबला.

"मीच," तो म्हणाला. "मीच उचलला होता. आवाजही ओळखला होता मी."

लंबू हसला, थट्टा समजून. मग हसायचा थांबला.

"संगणकाची चूक नाही. मीच लिहिलं ते. तुझा नंबर होता माझ्याकडे, हा बघ." त्याने डायरी काढून टेबलावर ठेवली. एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. "आणि तुझ्या गुणपत्रकाचा अर्ज माझ्या खणात होता. पहिल्या दिवसापासून. साहेब रजेवर नव्हते. शिक्का माझ्या टेबलावरच होता. मला नाही घेतलं आणि तुला घेतलं, म्हणून."

लंबू डायरीतल्या आपल्या नंबराकडे बघत राहिला. चहा आला आणि तसाच निवत गेला. ऑपरेटर बाईंना काहीतरी कळलं असावं, त्या पुन्हा बाहेर गेल्या. हेडक्लार्क वाट बघत होता की हा आता ओरडेल, कानाखाली वाजवेल, कुलगुरूंकडे जाईल. काहीही चाललं असतं त्याला.

लंबू उठला. दाराशी जाऊन वळला.

"आईचा निरोप द्यायला आलो होतो मी," तो म्हणाला. "त्या माणसासाठी. तुझ्यासाठीच म्हणायचा तर."

"काय?"

"कालपासून मागे लागली होती माझ्या. म्हणते, तू आधी जाऊन सांगून ये. त्यांनी कळवतो म्हणून शब्द दिलाय, बिचारे अजून तुला शोधत असतील."