आत्याची मोगरी

राणी गेली त्या दिवशी तुम्ही काय करत होता, असं आज टोंगा बेटांवरच्या या गावात कुणालाही विचारा. जो तो सांगेल, चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करत होतो. सगळे खरंच आत असते तर भिंती फुटून बाहेर पडल्या असत्या. आणि भर कामाच्या दिवशी, कोनफळाच्या वाफ्यात गुडघाभर तण माजलेलं असताना प्रार्थनेला जाण्याइतकं हे गाव भाविक कधीच नव्हतं. खरं सांगणारी एकटी वायोला. ती म्हणते, "म्या साल बडवत हुते. आन भाच्याला शिव्या घालत हुते."

शिव्यांना कारण होतं. वायोलाच्या लेकीचं, सेइनीचं लग्न ठरलं होतं. नवऱ्याकडचे लोक डुकरं आणि चटया घेऊन येणार, आणि मुलीच्या आईनं समोर झाडाची ओली साल बडवून केलेलं कापड अंथरायचं, ही रीत. ज्या मुलीच्या पायाखाली आईचं कापड नाही, तिला सासरी म्हातारपणापर्यंत टोमणे खावे लागतात. नवरा वारल्यावर वायोलानं परसात झाडं लावली, दोन वर्षं पोरासारखी वाढवली, सोलली. पस्तीस हात कापड जोडून झालं होतं. उरलेल्या पंधरा हातांची साल रात्रभर पाण्यात भिजत होती. भिजलेली साल त्याच दिवशी बडवावी लागते. राहिली की बुळबुळीत होते आणि मग ती डुकरंसुद्धा हुंगत नाहीत.

म्हणून सकाळीच सात बायका लांब ओंडक्याला दोन्ही अंगांनी बसल्या होत्या. इकडे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा, उकाडा असा की बसल्या जागी घामाची धार लागावी. लाकडी मोगऱ्या एका तालात पडत होत्या आणि त्या तालात गावातल्या प्रत्येकाची उणीदुणी निघत होती. तेवढ्यात चर्चची घंटा वाजली आणि सेमिसी रस्त्यानं येताना दिसला.

सेमिसी हा गावचा अधिकारी, म्हणजे वरून आलेला हुकूम ओरडून सांगणारा माणूस. गावातला एकुलता एक रेडिओ त्याच्याच घरात, त्यामुळे बातमी आधी त्याच्या पोटात जायची आणि फुगून बाहेर यायची. वायोलाच्या धाकट्या भावाचा हा मुलगा. आज त्यानं काळे कपडे घातले होते आणि सुतकात कमरेला गुंडाळायची फाटकी चटई (नातं जवळचं तशी चटई मोठी) थेट काखेपर्यंत गुंडाळली होती, जणू राणी याची सख्खी चुलती.

राणी परमुलखातल्या दवाखान्यात वारली, असं त्यानं सांगितलं. मोगऱ्या थांबल्या. मग बडवणाऱ्यांतल्या लुपेनं हंबरडा फोडला आणि सातही जणी रडल्या. ते रडणं खोटं नव्हतं. ती राणी एकदा वादळानंतर गावात आली होती, चिखलात उभी राहून तिनं वायोलाला विचारलं होतं, घरावर छप्पर आहे का. तेवढं एक वाक्य वायोलानं अकरा वर्षं जपलं होतं. तिला आपली आईच गेल्यासारखं वाटलं.

पण सेमिसीचं पुरं झालं नव्हतं. त्यानं बंदी वाचून दाखवली. गाणं बंद, नाच बंद, मोठ्यानं बोलणं बंद, हसणं बंद. आणि साल बडवणं तर पहिल्या झटक्यात बंद; सुतकात मोगरीचा आवाज काढू नये, ही आजी-पणजीपासूनची रीतच होती. जो मोडेल त्याचं डुक्कर जप्त.

रीत वायोलालाही मान्य होती. पण ओल्या सालीकडे बघून तिच्या काळजाचं पाणी झालं. तिनं हळूच विचारलं, की आजचा दिवस कुठं आडोशाला बडवू का.

"आत्ये, कायदा म्हंजी कायदा. आपली मानसं म्हनून सोडलं तर गाव मला काय म्हनंल?"

गाव याला काय म्हणतं हे वायोलानं त्याला तेव्हाच सांगितलं, आणि ते लिहिण्यासारखं नाही. तिनं साल ओल्या पानांखाली झाकली आणि माशा वारत बसली.

दुपार कलली तशी राजधानीकडून लॉरी आली. या भागाच्या सरदाराचा माणूस खाली उतरला, हळू आवाजात काहीतरी बोलला आणि गेला. पाठोपाठ सेमिसी पुन्हा वायोलाच्या दारात. चटई तीच, पण आता छातीवरून घसरत होती. राणीच्या अंत्ययात्रेला प्रत्येक गावानं पन्नास हात कापड द्यायचं होतं, परवा सकाळपर्यंत, आणि गावाला माहीत असलेलं तयार कापड वायोलाकडचंच होतं. दिलं नाही तर गावाचं नाक कापलं जाणार, आणि गावाचं नाक म्हणजे सेमिसी.

"पस्तीस हात हाय माझ्याकडं. बाकीची साल बडवाया पायजे. आन बडवायला बंदी हाय," वायोला म्हणाली. "कुनी घातली रं?"

सेमिसीनं घसरलेली चटई वर ओढली.

"तुज्या घरात न्हाई व्हय येखादं कापड?"

"शपथ आत्ये, चिंधी न्हाई."

वायोलानं ती शपथ ध्यानात ठेवली. मग म्हणाली, राणीसाठी कापड देते. लेकीच्या वाटचं आहे, तरी देते. तिनं माझ्या छपराची चौकशी केली होती. पण दोन अटी. गावात आवाज नको म्हणून साल खडकाच्या किनाऱ्यावर बडवायची, तिथं लाटा एवढ्या आपटतात की गावाला मोगरी ऐकू जाणार नाही. आणि ओंडका सेमिसीनं खांद्यावरून न्यायचा.

"आन पैली मोगरी तूच मारायची. उंद्या कुनी इचारलं बंदी कुनी मोडली, तर सात जनींनी डोळ्यांनी बगितलेलं बरं."

आता साल बडवणं हे बायकांचं काम. गावाच्या आठवणीत कुठल्याच पुरुषानं मोगरी हातात धरली नव्हती. सेमिसीनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि ओंडका उचलला. वाटेत चटई दोनदा सुटली. किनाऱ्यावर वारा अंगात घुसत होता, खारं पाणी तोंडावर उडत होतं. पोटाशी ओंडका येईल तसा तो फतकल मारून बसला, चटई हनुवटीपर्यंत वर सरकली, आणि त्यानं मोगरी हाणली ती थेट स्वतःच्या अंगठ्यावर.

कुणी हसलं नाही, हसायला बंदी होती. लुपेनं तोंडात सालीचा बोळा कोंबला. एक जण पाठ फिरवून समुद्राकडे बघत राहिली, तिचे खांदे तेवढे हलत होते. आणि वायोलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्यात राणीसाठी किती आणि सेमिसीसाठी किती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवसापर्यंत पन्नास हात पुरे झाले. कापड लॉरीत चढलं, अंत्ययात्रेच्या वाटेवर कुठंतरी अंथरलं गेलं. सरदारानं गावाचं कौतुक केलं, ते सेमिसीनं अंगठ्याला फडकं बांधून एकट्यानं ऐकून घेतलं. वायोलाच्या परसात झाडांचे बुडखे तेवढे उरले.

सुतक फिटलं आणि सेइनीचं लग्न चार दिवसांवर आलं. लेक म्हणाली, राहू दे गं आई, तशीच जाईन.  वायोला सकाळीच भाच्याच्या घरी गेली. आत्या भाच्याच्या घरातून हवं ते उचलून नेते आणि भाचा ब्र काढत नाही, ही रीत तर राणीपेक्षाही जुनी. ती थेट आतल्या खोलीत गेली आणि सेमिसीला म्हणाली, गादी उचल.

गादीखाली घडी घातलेलं, काळ्या-तांबड्या नक्षीचं साठ हात कापड होतं. सेमिसीच्या लग्नात आत्यानंच ते आहेरात दिलं होतं. तिच्याच हातची नक्षी ती कशी विसरेल? सेमिसीची बायको दारात थिजली. सेमिसीनं गादी तशीच वर धरली होती.

"आत्ये, ते माज्या ध्यानातच..."

"आसूं दे की," वायोला घडी काखेत मारत म्हणाली. "चिंधी न्हाई म्हनला हुतास. त्यो खोटं कसा बोलंल माजा भाचा? मंग हे तुजं नसंलच. म्हनून नेते."