करवती दात

तो दात लहबीबला सकाळी सापडला, बोगद्याच्या अगदी टोकाला, पिवळ्या मातीच्या थरात. तळहाताएवढा, काळपट तपकिरी, दोन्ही कडांना करवतीसारखे दाते आणि खाली दोन जाड मुळं. कुठं चीरसुद्धा नाही. त्यानं मूळ जिभेला लावून बघितलं. चिकटलं. म्हणजे हाड खरं, दगड नव्हे.

खणणारे सगळे ह्याला करवती दातच म्हणत. ते विकत घ्यायला एरफूदहून येणारा बास्सू मात्र त्याची सगळी वंशावळ सांगे. देवमाशांचा कुणी पूर्वज होता म्हणे. ह्याच्या खापरपणज्यांना चार पाय होते, त्या जमिनीवर हिंडत, आणि एकदा पाण्यात शिरल्या त्या परत बाहेर आल्याच नाहीत. बास्सू हे सांगायला लागला की लहबीब उठून किटलीत पाणी ओतायला जायचा.

वीस वर्षं त्यानं दाख्लाच्या समुद्रात अष्टपाद पकडले होते. थोरला भाऊ दैदा बुडाला, त्यानंतर त्यानं होडी विकली आणि साठ-सत्तर मैल आत, ह्या उघड्या वाळवंटात जुनी हाडं खणायला आला. इथं समुद्राचा वाससुद्धा येत नव्हता. त्याला अकरा वर्षं झाली.

खड्डा तीन पुरुष खोल होता. दोरीनं वर यायचं तर दोन्ही हात हवेत, आणि झग्याच्या खिशात दात आपटून फुटला असता. म्हणून लहबीबनं त्याचं मूळ आपल्या दाढांमध्ये घट्ट धरलं आणि चढायला लागला.

निम्म्यावर आला आणि थांबला.

कानात काही नव्हतं. आवाज जबड्यात होता. आधी एक जड घुमणं, पाण्याखाली डोकं गेल्यावर येतं तसं. आणि त्या घुमण्याच्या आतून टक, टक, टक. मग थोडी उसंत. पुन्हा टक, टक, टक.

"काय झालं दाजी?" वरून खत्री ओरडला. खत्री त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. तोंडाचा पट्टा कधी बंद नसायचा. "मध्येच काय लटकलात? बहिणीनं विचारलं तर काय सांगू, दाजींना वाळत घातलंय?"

लहबीब कसाबसा वर आला. दात तोंडातून काढला, की नुसता वारा. पुन्हा दाढेत धरला, की टक, टक, टक.

"धर दातात," तो म्हणाला.

"तुमच्या थुंकीसकट? एवढी भूक नाही लागली मला."

"धर म्हणतो ना!"

त्याचा आवाज ऐकून खत्रीनं दात झग्याला पुसला आणि चावला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"दाजी, खाली कोणीतरी अडकलंय."

"कुणी नाही."

"अहो, ठोकतंय! सिदातीच्या जुन्या खड्ड्यात कुणी उतरलं असेल, वरून माती आली असेल. चला!"

लहबीबला ती टकटक ओळखीची होती. तिची चाल, तिच्यातली उसंत, सगळं. पण खत्रीनं त्याच्या दंडाला धरून ओढतच नेलं. दोनशे पावलांवर तो खड्डा. दोघांनी पालथं पडून आत हाका मारल्या. तळाशी ऊन पडलं होतं. एक फुटकी बादली आणि तिच्यावर बसलेली पाल. बस्स.

ते उठून उभे राहतात न राहतात तोच पायांखालची जमीन एकदा दबकन हलली. मागं वळून बघितलं तर त्यांच्या स्वतःच्या खड्ड्यातून धुळीचा खांब वर चढत होता. सावकाश, चुलीतून धूर निघावा तसा. जवळ गेले तेव्हा आत बोगदा नव्हताच. कुदळ, दिवा, पाण्याची कातडी पिशवी, सगळं गडप. माती अशी सपाट बसली होती, की तिथं कुणी कधी खणलंच नसावं.

खत्रीनं चहा ठेवला. पहिला पेला लहबीबच्या हातात दिला.

"दाजी," तो म्हणाला, "मी ऐकलं ते लाकडावरचं होतं. पोकळ लाकडावरचं. ह्या रानात लाकूड कुठलं?"

लहबीबनं पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "गाडी काढ. हे आधी सल्कावहिनींना सांगायला हवं. तूही तिथंच ऐक."

सल्का ही दैदाची विधवा. दाख्लात, बंदराच्या मागच्या गल्लीत राहायची. ईदेला लहबीब तिच्या दारापर्यंत जायचा, मांस द्यायचा आणि काहीतरी निमित्त काढून निघायचा. आज तो आत येऊन चटईवर बसला, तेव्हा तिनं एकदा त्याच्याकडे आणि एकदा खत्रीकडे बघितलं.

"कोण गेलं, भावजी?"

"कुणी नाही. वहिनी, मी तुमच्याशी खोटं बोललो होतो. दैदाला लाटेनं एकदम नेलं नाही."

हातातली साखरेची ढेप तिनं खाली ठेवली.

"होडी उलटली. मी वर चढून बसलो. तो आत अडकला, जाळ्यात पाय गुंतला असणार. आत हवा होती थोडी. तो खालून ठोकत होता."

"किती वेळ?"

"ऊन होडीच्या ह्या कडेवरून त्या कडेवर गेलं, तोवर."

खत्रीनं मान खाली घातली.

"मी खाली गेलो असतो तर—"

"तर दोघंही गेला असतात," सल्का म्हणाली. "ते नाही विचारत मी. तुम्ही उलट ठोकलंत का?"

लहबीबनं दात चटईवर ठेवला. "हा दाढेत धरला की तेच ठोकणं येतं, वहिनी."

"एवढं तरी? वर कुणी आहे, हे त्यांना कळावं म्हणून?"

"मी कान झाकून घेतले, वहिनी."

ती उठली. आता ही आपल्याला बाहेर काढणार, असं त्याला वाटलं, आणि ते बरंच वाटलं असतं. पण तिनं चटईवरचा दात उचलला, पदरानं पुसला आणि डोळे मिटून दाढेत धरला. किटली उतू जाऊन निखारे फसफसले, तरी कुणी हललं नाही.

मग तिनं बोटांच्या पेरांनी चहाच्या लाकडी मेजावर ठोकलं. तीनदा. थांबली. आणि तिचा चेहरा असा झाला, की खत्री उठून अंगणात गेला.

बऱ्याच वेळानं तिनं दात तोंडातून काढून कापडात गुंडाळला.

"हा माझ्याकडे राहील," एवढंच म्हणाली.

बास्सू दोनदा येऊन गेला. असा अखंड नग दहा वर्षांत एखादाच निघतो, मागाल ती किंमत देतो, म्हणाला. सल्कानं त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत पाठवला. लहबीब आणि खत्रीनं हिवाळ्यात नवा खड्डा घेतला. ह्या वेळी फळ्यांचे टेकू लावून आणि शिडी सोडून.

आता लहबीब दर शुक्रवारी वहिनींकडे जेवायला जातो. ती त्याच्या पुढ्यात कुसकुसची परात ठेवते, माशाचा चांगला तुकडा त्याच्या बाजूला सारते, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेते. मग तीन ठोके ऐकू येतात. थोडी उसंत जाते. आणि पुन्हा तीन, जरा दबलेले, खालून आल्यासारखे. शेजारीण शपथेवर सांगते, की ते दुसरे तीन सल्काच्या हाताचे नव्हेत. एकदा ती खिडकीतून डोकावली होती, तेव्हा सल्काचे दोन्ही हात मांडीवर होते.

वहिनींनी काय ऐकलं ते लहबीबनं कधी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. दार उघडून ती बाहेर येते आणि परात बघून त्याच्यावर करवादते, "हे काय भावजी, मासा तसाच? खाऊन घ्या, निवतोय."