झोपी जाणारं मशीन

टेबलाखाली वाकून जालिंदरने पुन्हा बटण दाबलं. संगणकाच्या डब्यातला पंखा घरघरला, पुढचा निळा दिवा लागला, पण पडदा काळा तो काळाच. त्याने मान वळवून पलंगाकडे पाहिलं. उशांना टेकवून बसवलेली त्याची बायको शितल त्या पडद्याकडेच बघत होती. तिच्या उजव्या हाताचं बोट हाताखालच्या तिच्या छोट्या बटणावर होतं, पण ते दाबावं असं समोर काहीच नव्हतं.

"थांब जरा, करतो," तो म्हणाला. सकाळपासून तो हेच म्हणत होता.

शितल वडगाव रासाईच्या अंगणवाडीत शिकवायची. तिने पोरांना हाक मारली की पार रस्त्यापर्यंत ऐकू जायची. मग चालताना पाय अडखळायला लागला, हातातली वाटी निसटायला लागली, शेवटी जीभ जड झाली. पुण्याच्या डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला, त्यावर औषध नाही हेही सांगितलं. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील, असं ते दिलासा द्यावा तसं म्हणाले होते. ते ऐकून जालिंदर दवाखान्याच्या जिन्यात बसून रडला होता.

तो रांजणगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. तिथल्या डिझाइनच्या खोलीतला जुना संगणक भंगारात निघाला, तो त्याने साहेबांच्या हातापाया पडून घरी आणला. शिरूरच्या दुकानदार भारतने त्यातली जुनी सिस्टीम काढून लिनक्स ही फुकटची सिस्टीम टाकली, मेमरी वाढवली आणि पडद्यावरचं चित्र सांभाळणारं एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड बसवलं. ते कार्ड पुढच्या दिवसांसाठी होतं. बोटही कधीतरी जाणार होतं. मग नुसत्या डोळ्यांच्या हालचालीवर अक्षरं उचलणारा कॅमेरा लावायचा आणि तो प्रोग्राम त्या कार्डाशिवाय चालत नाही, असं भारत म्हणाला होता.

तोवर बोट होतं. पडद्यावर अक्षरं एकेक करून उजळत जायची. हवं ते अक्षर आलं की शितल बटण दाबायची. वाक्य पुरं झालं की मशीनमधली बाई ते मोठ्याने वाचायची. पहिल्या दिवशी शितलने लिहिलं होतं, 'ही बाई पुण्याची दिसते.' जालिंदरची आई सोजरबाई पदराने डोळे पुसेपर्यंत हसली होती.

घात झाला तो परवा. जालिंदर कामावर होता, सोजरबाई शेळ्यांना पाला आणायला गेली होती. लाइट गेली आणि आली. संगणक परत सुरू होऊन पासवर्डच्या पडद्यावर थांबला. जालिंदरने मशीन आपोआप झोपण्याची सेटिंग आधीच बंद करून ठेवली होती, पण त्या पडद्याची सेटिंग वेगळी असते हे त्याला ठाऊक नव्हतं. कुणी हात लावत नाही असं बघून मशीन झोपी गेलं. लाल मुंग्या पलंगाच्या पायावरून वर चढून शितलला चावत राहिल्या आणि तिला कुणाला हाक मारता येईना. सोजरबाई आली तेव्हा शितलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पोरीला माहेरची आठवण झाली असेल, असं वाटून तिने तोंड पुसलं, चमच्याने चहा पाजला. संध्याकाळी चादर बदलताना पाय दिसला. घोट्यापासून वर सगळा सुजलेला.

म्हणून आज सुट्टीच्या दिवशी जालिंदर मशीनपुढे बसला होता. पासवर्ड त्याने काढून टाकला. दोन्हीकडची झोप बंद केली. तरीही काही वेळाने पडदा आपोआप विझायचा आणि विझला की पुन्हा उजळायचा नाही. प्लग काढून नव्याने सुरू करावं, तर थोड्या वेळाने तेच.

त्याने भारतला फोन लावला. भारत म्हणाला, मशीन घेऊन या, दोन दिवस ठेवावं लागेल.

"दोन दिस ती मुकी राहील, भारतशेठ," जालिंदर म्हणाला. "आन् काय झालं तर कळायचं कसं?"

तेव्हा भारतने सांगितलं, कार्ड काढा आणि पडद्याची वायर मागच्या मूळ जागी लावून बघा. जालिंदरने तसं केलं. पडदा विझवला, बटण दाबलं, अक्षरं लगेच उजळली. दोष कार्डातच होता.

तेवढ्यावर थांबावं, तर त्याचा जीव मानेना. त्याने कार्ड परत बसवलं. मोबाइलच्या नेटवर कार्ड चालवणारा जुना प्रोग्राम, ड्रायव्हर, उतरवला, मग त्याहून जुना. नेट तुटत होतं, तो पुन्हा जोडत होता. सोजरबाई जेवायला हाका मारून थकली. ऊन दारातून आत येऊन भिंतीवर चढलं. संध्याकाळी तो कार्ड हातात घेऊन जमिनीवर बसला. कारखान्यातले बोल्ट, पट्टे, बेअरिंग यांचं काय बिघडलं ते त्याच्या हाताला कळायचं. हे कळत नव्हतं.

शेवटी तो पलंगाशी गेला.

"हे ठिवलं तर मशीन कवा बी मरंल," तो म्हणाला. "काढलं तर नीट चालंल, पर कॅमेरा चालायचा न्हाई. म्हंजी पुढं, बोट जवा..." त्याने तिच्या बोटाकडे पाहिलं. "काढू का? व्हय आसंल तर डोळं मिट."

शितलने डोळे मिटले. ते इतका वेळ मिटलेले राहिले की त्याने घाबरून तिच्या खांद्याला हात लावला. तेव्हा तिने उघडले.

त्याने कार्ड एका फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवलं, वायर जोडली, मशीन सुरू केलं. अक्षरं धावू लागली. शितलचं बोट हललं, पण उशिरा. अक्षर निसटलं. ती पुन्हा त्याची पाळी यायची वाट बघत राहिली. गेल्या आठवड्यात ती चुकत नव्हती, हे जालिंदरला दिसलं. ती कार्डाबद्दल काहीतरी म्हणेल, असं त्याला वाटत होतं.

"आत्यांना बोलवा," मशीन म्हणालं. सासूला ती आत्या म्हणायची.

तो उठणार तोच अक्षरं पुन्हा धावू लागली. तो थांबला.

"मी दुपारपासून ओली आहे. तुम्ही बाहेर थांबा."

दिवसभर तो पडद्याकडे बघत होता, तिच्याकडे त्याने पाहिलंच नव्हतं. आणि पाहिलं असतं तर काय केलं असतं, तेही त्याला माहीत होतं. मशीन बंद असलं की तो न विचारता स्वतःच तिचे कपडे बदलायचा. सोयीचं पडायचं. तिला ते नको असतं, हे मशीन बोलत असताना तिने कितीदा तरी सांगितलं होतं.

त्याने आईला हाक मारली. सोजरबाई कोमट पाण्याची बादली आणि धुतलेला गाऊन घेऊन आत गेली. जालिंदर अंगणात आला आणि त्याने दार ओढून घेतलं. रस्त्यावरून उसाची बैलगाडी चालली होती. गाडीवानाने हात वर केला, त्यानेही केला. आतून पाण्याचा आवाज आला. मग मशीनमधली बाई म्हणाली, "सावकाश."

"व्हय गं, सावकाशच करती," सोजरबाई म्हणाली.

खिडकी उघडीच होती. जालिंदर खिडकीकडे पाठ करून उभा राहिला.