आठ ठोके गप्प

मी गाण्याची एक जुनी तबकडी आहे, मित्रांनो. दुकानात मिळते तशी नव्हे. अल्युमिनियमच्या पत्र्यावर मऊ काळा थर दिलेली, जमैकातल्या किंग्स्टनमधल्या एका नाचासाठी कोरलेली. माझी दुसरी प्रत कुठेच नाही. आम्ही मऊ, त्यामुळे वाजू तेवढ्या झिजतो. त्याचं मला वाईट वाटत नाही. हल्ली फारसं कशाचंच वाटत नाही.

मला कोरलं मिस्टर क्लॅकन यांनी. गाणं सुटं करून पुन्हा बांधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण त्यांची बायको आयोनी वारली आणि ते बोलेनासे झाले. सकाळी लापशी खायचे, दारात बसायचे, कुणी काही विचारलं तर नुसतं "हं" म्हणायचे. रडलेही नाहीत. मग मुलगी व्हेरोना मँडेव्हिलहून आली. डॅडींचं डोकं गेलं, असं तिने ठरवूनच टाकलं. त्यांची गाणी कोरायची यंत्रं विकायची आणि सोमवारी त्यांना आपल्या घरी न्यायचं. तिने त्यांची बॅगसुद्धा भरली. ज्या घरात ते तीस वर्षं राहिले ते सुटणार होतं, आणि क्लॅकन गप्पच होते.

त्यांच्या हातातलं एकच काम उरलं होतं. एक विलायती रॉक गाणं, गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ असलेलं. त्यात गायक घसा फोडतो आणि गिटार त्याच्यावर ताण करते. आयोनीला ते फार आवडायचं. क्लॅकननी गिटार काढून टाकली. गायकाचा एकच शब्द ठेवला, तोही घुमत घुमत लांब जाणारा. खाली ड्रम आणि जाडजूड बास. आणि मूळ गाण्यात जिथे सगळे मिळून ओरडतात, तिथे आठ ठोके काहीच नाही. मग बास एकटा परत येतो. हे माझ्यावर कोरताना त्यांचा चेहरा दगडासारखा होता.

रविवारी दुपारी मैदानात तबकड्या वाजवणाऱ्या लिन्वलने मला लावलं. चाल ओळखून लोक डोलू लागले. मग ती रिकामी जागा आली. आमच्याकडे दोन ठोके सगळेच सोडतात, चारही सोडतात, आठ कुणी सोडत नाही. लिन्वलला वाटलं, स्पीकरची तार निसटली. त्याने सुई उचलली आणि खोक्यांमागे वाकून तारा चाचपू लागला. लोक हसले. व्हेरोनाने मान खाली घातली. तिला पुरावाच मिळाला.

क्लॅकन उठून पुढे गेले.

"तार ठीक आहे, लिन्वल," ते म्हणाले. "ते तेवढंच आहे. थांबायचं."

लिन्वलने मला पुन्हा लावलं. या वेळी कुणी हललं नाही. त्या आठ ठोक्यांत कोपऱ्यावरच्या कढईत मासळी तडतडलेली ऐकू आली. मग बास परतला. शेजारच्या मिस आयसिल्डा व्हेरोनाला हळूच म्हणाल्या, "पोरी, तुझी आई गेल्यापासून बापाचं घर असंच वाजतंय. तुलाच ऐकू येत नव्हतं."

कुणीतरी पत्र्याच्या कुंपणावर थाप मारली, मग सगळ्यांनीच मारली. आमच्याकडे गाणं पसंत पडलं की अशी थाप पडते आणि ते पहिल्यापासून लावतात. इतकं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

सोमवारी व्हेरोनाने बॅग रिकामी केली. ती आठवडाभर राहिली. बापाजवळ दारात बसायची, काही विचारायची नाही. गुरुवारी क्लॅकन आपणहून म्हणाले, "तुझी आई त्या गाण्याचे शब्द चुकवायची."

"सगळेच चुकवायची, डॅडी."

मग ते रडले. बराच वेळ रडले. व्हेरोना उठली नाही.

आता क्लॅकन नाहीत. मी इतकी झिजले आहे की नुसती खरखर ऐकू येते, आणि वर्षानुवर्षं मला कुणी हात लावलेला नाही. माझं राहू द्या. पण मित्रांनो, तुमच्या घरात एखादं माणूस गप्प झालं, तर ते बिघडलं असं समजून लगेच सुई उचलू नका. जवळ बसा आणि मोजत राहा, आठाच्या पुढे गेलं तरी.