लाल धाग्याचे तुकडे

"घास गो, घास. तोंड दिसेपर्यंत घास."

विमलाची आये संगमेश्वरच्या नदीवर असं म्हणायची, त्याला वीस वर्षं झाली. आये गेली, तिचा तांब्याही कुठं गेला कोण जाणे. पण चिमूटभर राख हाती आली की तो आवाज अजून विमलाच्या कानाशी येऊन बसायचा, आणि त्याच्या पाठोपाठ आयेची ओवी:

राखेनं घासला तांब्या, लख्ख झालं त्याचं अंग
दूरदेशीचा सखा माझा, त्यात दिसे माझ्या संग

या आवाजानंच आपला घात केला, असं आज पूर्णगडच्या घरी पडवीत बसून तिला वाटत होतं.

दूरदेशीचा सखा म्हणजे तिचा नवरा महिपत. कुर्ल्याच्या एका कारखान्यात तो कामाला होता. मासेमारी लाँचच्या केबिनला लागणारी पारदर्शक प्लास्टिकची तावदानं तिथं कापत. काच फुटते, प्लास्टिक फुटत नाही. पण त्यावर वाळलेलं मीठ खलाशी हाती येईल त्या फडक्यानं पुसतात आणि वर्षभरात तावदान आंधळं होतं. महिपतनं खटपट करून एक लेप जमवला होता, सहजासहजी ओरखडा न धरणारा. शेठ म्हणाले होते, "आधी खाऱ्या पाण्यात सहा महिने टिकू दे. टिकला तर मिरजोळ्याला शेड घेतो, आणि तुलाच तिथं बसवतो." मिरजोळं म्हणजे रत्नागिरीच. रत्नागिरीला नोकरी म्हणजे रोज संध्याकाळच्या एसटीनं घर. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि त्यातले एकत्र दिवस विमला बोटांवर मोजू शकली असती.

गणपतीला आला तेव्हा महिपतनं तळहाताएवढे सहा तुकडे खाडीपार माणसं नेणाऱ्या तरीच्या धक्क्याच्या खांबाला, पाण्याखाली राहतील असे बांधले.

"लाल धागा, ते माझ्या लेपाचे. पांढरा धागा, ते शेठकडून आले तसे कोरे. दोरी तुटली तर बांध. बाकी हात लावायचा नाही."

"बरं," विमला म्हणाली होती.

महिन्याभरानं सुकतीला, पाणी ओसरल्यावर, ती दोऱ्या बघायला उतरली. तुकड्यांवर हिरवं शेवाळ चढलं होतं, खडकावर असतात तसे पांढरे खरखरीत कण धरले होते. नवऱ्याची वस्तू, आणि असल्या घाणीत? दुसऱ्या दिवशी ती चुलीतली राख आणि नारळाचं सोडण घेऊन गेली, आणि लाल धाग्याचे तिन्ही तुकडे तोंड दिसेपर्यंत घासले. मग दर आठवड्याला, सुकती बघून. पांढऱ्या धाग्याचे शेठचे होते. परक्याच्या भांड्यांना आपण कशाला हात लावायचा?

शिमग्याला महिपत आला. गावदेवाची पालखी घरी येऊन गेली आणि दुसऱ्या सकाळी तो धक्क्यावर गेला. होडीत जाळं सांधत बसलेला काशीराम म्हणाला, "काय रे महिप्या, लोक भात पेरतात, तू खिडक्या पेरल्यास. उगवलं काय?"

"बघूया."

"उगवली तर एक माझ्या होडीला लाव. होडीला केबिन नाय, ती मागनं बांधू."

महिपत हसत घरी आला. पडवीत बसून त्यानं कोऱ्या तुकड्यांवरची शिंपली नखानं अलगद काढली, तुकडे गोड्या पाण्यात भिजवून मऊ कापडानं टिपले. खाली चार डाग होते, बाकी प्लास्टिक नितळ. मग त्यानं लालवाले घेतले. "हे बघ विमल, ह्यांच्यावर काही धरलंच नाही," असं म्हणत त्यानं एक उन्हात धरला, मग डोळ्याजवळ नेला. बारीक रेषा. आडव्या, उभ्या, केसासारख्या. तिन्हींवर.

"मीठ लेपात शिरलंय," तो म्हणाला. "तडकलाय. वर काही बसलं ते लेपाच्या सालीसकट सुटून गेलं असणार. माझ्या लेपापेक्षा कोरं प्लास्टिक बरं."

रेषा मिठाच्या नव्हत्या, आपल्या राखेच्या होत्या, हे विमलाला कळलं. सांगावं, तर सहा महिने वाया गेले म्हणेल, रागावेल. शेठ पुन्हा थांबतील की नाही, कोण जाणे.

महिपतनं निळं आंतरदेशीय पत्र काढलं आणि गुडघ्यावर पाट ठेवून लिहायला लागला. लिहिलेलं मोठ्यानं वाचायची त्याची सवय. "साहेब, लेप टिकला नाही. मी मोठ्या तोंडानं बोललो, माफ करा. मिरजोळ्याचं राहू द्या. मी सोमवारी कामावर येतो."

सोमवारी. विमला उठली. चुलीतून मूठभर राख आणली, सोडण आणलं, त्याच्यासमोर बसली आणि पांढऱ्या धाग्याचा एक तुकडा उचलून घासायला लागली. जोरात, आयेनं शिकवलं तसं.

"अगं, काय करतेस? ते शेठला दाखवायचेत."

तिनं ऐकलं नाही. दहा हात मारले, पाणी ओतलं आणि तुकडा उजेडाला धरला. पेजेसारखा पांढरा झाला होता तो. पलीकडचा माड दिसेना, माडाखालची गाय दिसेना.

मग तिनं लाल धाग्याचा तुकडा धरला. रेषा होत्या, पण रेषांपलीकडे माड होता, गाय होती, आणि तुकडा जरा खाली घेतल्यावर पेन हातात तसंच धरून बसलेला महिपत होता.

"हे असं," ती म्हणाली, "दर आठवड्याला. एकवीस वेळा. तुमचेच तेवढे घासले मी. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी."

महिपतच्या गुडघ्यावरचं पत्र वाऱ्यानं उलटलं, ते धरायचंही त्याला सुचलं नाही. त्यानं तिच्या हातून दोन्ही तुकडे घेतले. एकदा आंधळा डोळ्याशी धरला, एकदा लाल धाग्याचा.

"एकवीस?" त्यानं विचारलं. "राखेनं?"

"राखेनं, सोडणानं."

"मी नको म्हटलं, तरी का घासलेस गो?"

विमलानं राखेचे हात पदराला पुसले.

"कारण तुम्हाला हात लावायला," ती म्हणाली, "माझ्याकडे तेवढंच होतं."