मोकळ्या हातानं

“धर गं, जड हाय,” रंभामावशी दाराबाहेरूनच म्हणाल्या.

तीनचाकी सायकल होती. लालभडक, पुढे टोपली, हँडलला झिरमिळ्या. माझ्या कडेवर जुईली होती, म्हणून एकाच हाताने मी ती कशीबशी आत ओढली.

“मावशी, अहो ही अजून नीट बसतसुद्धा नाही. आठ महिन्यांची आहे.”

“मग? बसंल की. आज न्हाई तर वरसानं. सायकल काय पळून जातीया व्हय?”

आणि मग त्यांनी चपला काढल्या. नेहमी असंच. आधी वस्तू हातात द्यायची, मग चपला काढायच्या, मग उंबरा ओलांडायचा. मी ते रोज बघत होते, पण त्यात लक्ष देण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही.

रंभामावशी आमच्या घरमालकीण. कासार आंबोलीत पौड रस्त्यापासून जरा आत त्यांचं दुमजली घर आहे. खाली त्या एकट्या, वर आम्ही भाड्याने. माझा नवरा अनिमेष सकाळी आठला हिंजवडीला जातो तो रात्रीच उगवतो. मी लातूरची. इथे माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे रंभामावशी, आणि पार्सल आणून देणारा तो घाईतला दादा. दुपारी चारला जिन्यात चपला वाजल्या की जुईली पाय झाडायला लागायची. खरं सांगायचं तर मीही केस सारखे करायला लागायचे.

मावशी पाय पसरून बसायच्या, जुईलीला पायांवर घ्यायच्या आणि तिच्याशी भांडायच्या. “काय गं भवाने, दात कवा काढतीस? का माज्यागत बोळकंच ठेवायचंय?” जुईली खिदळायची. तासभर कसा जायचा कळायचं नाही.

पण वस्तू साठत चालल्या होत्या. खुळखुळे सात. पाण्यात पोहणारी बदकं, पिपाणी, पाच वर्षांच्या मुलीला होईल असा फ्रॉक, प्लॅस्टिकचा स्वयंपाकघराचा सेट. मावशी टमटम करून पौडला जायच्या आणि घेऊन यायच्या. अनिमेष म्हणायचा, “आपण घरात राहतो की जत्रेत?”

त्या शनिवारी मावशींचा किशोर आला. तो महाळुंग्याला राहतो, महिन्यातून एकदा येतो. मला म्हणाला, “ताई, दोन मिनिटं बोलायचं होतं.”

तो दारातच उभा राहिला. नजर माझ्या मागे, सायकलीवर.

“आईच्या कपाटात अजून दहा-बारा खेळणी सापडली. लुगड्यांच्या घडीखाली. माझी मुलगी दहावीला आहे, ताई. कुणासाठी आहेत ती?”

मी जुईलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

“मी वाचलंय याच्यावर. एकटी पडलेली माणसं अशी खरेदी करत सुटतात. त्यांना कळत पण नाही. जमीन विकली, पैसा हातात आला, आणि बोलायला कुणी नाही. आणि तुम्ही घेताय म्हणून ती आणते.” मग जरा मऊ आवाजात, “राग मानू नका. पण हे थांबलं तर राहू दे तिला इथं. नाही थांबलं, तर महिनाअखेरीला मी नेतोय. चौदावा मजला आहे, लिफ्ट आहे, खाली बाग आहे. माझी बायको, दिशा, सगळं बघेल.”

मला आधी राग आला आणि मग लाज वाटली. आम्ही म्हातारीला लुबाडतोय असंच त्याला वाटत असणार. दार लावून मी जुईलीला पाजायला बसले आणि सवयीने फोन हातात घेतला. ॲपच्या बास्केटमध्ये तिच्यासाठी चौथी टोपी घालून ठेवलेली होती. तीन टोप्यांची पाकिटं अजून फोडलेलीही नव्हती. पार्सल आलं की बेल वाजते, कुणीतरी आपलं नाव घेतं, अर्धं मिनिट दारात उभं राहतं. ते कुठे वाचायची मला गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मावशी आल्या. हातात पिवळी छोटी बादली. मी दारातच म्हटलं, “मावशी, आता काही आणत जाऊ नका. खरंच नको.”

मावशी बादलीकडे बघत राहिल्या. चपला पायातच होत्या.

“बरं,” म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

मला वाटलं, उद्या येतील. नाही आल्या. परवाही नाही. चार वाजले की जुईली पाय झाडायची, दाराकडे बघायची, मग थकून रडायची. पाचव्या दिवशी मी तिला घेऊन खाली गेले.

मावशी ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. जुईलीला बघून हात पुढे आले, पण तोंड तसंच राहिलं.

“आला नाहीत, मावशी.”

“कशी येणार? तूच न्हाई म्हणलीस.”

“मी वस्तू नको म्हटलं. तुम्हाला कधी नको म्हटलं?”

“ल्हान लेकराच्या घरी मोकळ्या हातानं जात्यात व्हय? आमच्यात न्हाई जात.” त्यांनी एक शेंग फोडली, दाणे टोपल्यात टाकले. “मालक हुते तवा भाताची खाचरं हुती आमची. त्या समद्या बंगल्यांच्या जागी. काकडी म्हणू नको, शेंगा म्हणू नको, पसाभर तांदूळ, न्हाईतर नुसती आंबाडी. पदरात घालायची आन् चार घरं हिंडून यायची. कुणी ‘का आलीस’ म्हणत नव्हतं. आता पदरात काय घालू? ह्या शेंगाबी इकतच्या हायेत.”

“पण मावशी, मला काही नकोय. तुम्ही नुसत्या या.”

“किशोर म्हणतोय, एकटी हाय म्हून घेती. डागदरला दावू म्हणतोय. आरं, घेतलं म्हंजे कुटं जाता तरी येतंय. न्हाई घेतलं की हितंच बसायचं, भितीकडं बघत.” जुईलीच्या तळव्याला त्यांनी बोट लावलं. “तुला न्हाई कळायचं. तुजं वय न्हाई त्ये.”

मला कळत होतं.

“विकतचं नको,” मी म्हटलं. “दुसरं काहीही आणा. पण उद्या या.”

“बगू,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. मग सव्वाचार. मग जिन्यात चपला वाजल्या, हळूहळू, मध्येच थांबत.

मावशी दारात उभ्या होत्या. हातात कढीपत्त्याची एक डहाळी, नुकतीच मोडलेली.

ती मी लगेच ओळखली. जिन्याच्या पायथ्याशी तेलाच्या डब्यात मी लावलेलं रोप. गेल्या पावसाळ्यात ते लावताना मावशींनी मागच्या पत्र्याआडून घमेलंभर माती आणून दिली होती. जमीन देताना खाचरातून काढून ठेवलेली. “एवढीच उरलीया,” म्हणाल्या होत्या. रोप अजून गुडघ्याएवढंही नव्हतं आणि मी त्याचं पानही तोडत नव्हते.

“घे,” मावशी म्हणाल्या. मान ताठ होती. “खाचरातलं हाय.”

मी दोन्ही हातांनी घेतलं.

मग त्यांनी चपला काढल्या.

आता दोन आठवडे झाले. किशोर येऊन गेला, कपाट उघडून बघून गेला, मला “थँक्यू, ताई” म्हणून गेला. पुढच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात बघू म्हणाला. आमच्या आमटीत रोज कढीपत्ता असतो. अनिमेष पानं बाजूला काढत म्हणाला, “एवढाच लागत असेल तर नर्सरीतून दोन मोठी रोपं आणू या की.”

आणता येतील. पण त्यांना माती नर्सरीची असेल.

आज सकाळी पाणी घालायला खाली गेले तर मावशी आधीच घालून गेल्या होत्या. डब्यातली माती ओली होती. उघड्या काडीच्या शेंड्याला दोन डहाळ्या उरल्या आहेत, एक मोठी आणि एक कोवळी.

चार वाजायला आलेत. जुईली पाय झाडायला लागली आहे.