वरच्या वस्तीची कार्डं

"थांबा, थांबा. सगळ्यात जास्त कार्डं कशाला पडली, तेवढं जरा मोठ्याने वाचा," नगराध्यक्ष म्हणाले.

पक्षाच्या चिटणिसाने चष्मा सारखा केला आणि कागद हातभर लांब धरला. "'पक्ष ठरवेल ते.' एकशे एकाहत्तर कार्डं."

सदस्यांनी बाकं वाजवली. भिंतीकडेच्या स्टुलावर बसलेल्या टाचणीकाकांनीही टाळ्या वाजवल्या, इतरांपेक्षा जरा जास्तच. सव्वीस वर्षं ज्या पक्षासाठी पोस्टरं चिकटवायच्या खळीचे डबे वाहिले, त्याच्यावर गावाने एवढा भरवसा टाकावा, ही काय लहान गोष्ट होती? मग तो आकडा त्यांच्या डोक्यात नीट शिरला आणि टाळी वाजवता वाजवता हात थांबले.

वरच्या वस्तीत एकशे चौसष्ट घरं होती. त्या सगळ्या घरांची कार्डं काकांनी स्वतःच्या हाताने भरली होती.

काका म्हणजे काही मोठं प्रस्थ नव्हे. धान्याच्या गोदामात आवक-जावक लिहिणारा कारकून, आता निवृत्त. शर्टाच्या कॉलरला कायम दोन-तीन टाचण्या टोचलेल्या असत, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव बहुधा पेन्शनच्या कागदांनाच ठाऊक असावं. पक्षात त्यांना पद नव्हतं. कोणी विचारलंच तर "मी आपला जुना माणूस" असं म्हणायचे, आणि ते पद असल्यासारखंच म्हणायचे.

यंदा पहिल्यांदाच त्यांचा पक्ष नगरपालिकेत निवडून आला. आता कामाला सुरुवात कुठून करायची, हे आपण न ठरवता लोकांना विचारू या, असं नगराध्यक्षांनी सुचवलं. घरटी एक कार्ड वाटायचं. त्यावर एकच प्रश्न: नगरपालिकेने सगळ्यात आधी काय करावं? खाली उत्तराची एक ओळ आणि सहीची जागा. कोरं कार्ड बाद. ज्या कामाला जास्त कार्डं, ते काम पहिलं. कल्पना खरंच चांगली होती. पूर्वीच्या लोकांनी कोणाला कधी साधं "काय हवंय?" असंही विचारलं नव्हतं.

वरच्या वस्तीची कार्डं गोळा करायला काका गेले, कारण तो चढ चढायला दुसरं कोणी तयार नव्हतं. तो चढ हेच वस्तीचं दुखणं होतं. नळ पायथ्याशी. सकाळी तासभर येणारं पाणी हंड्याकळशांतून, डब्यांतून वर न्यायचं. पायऱ्या होत्या, पण अर्ध्या खचलेल्या. पंप बसवून पाणी वर चढवायचं, एवढं एकच काम ती वस्ती वर्षानुवर्षं मागत होती.

काकांची थोरली बहीण तिथेच राहायची. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, कंबर धरलेली, वय सत्तर. तिची सून पहिलटकरीण असताना भरल्या हंड्यासकट त्या पायऱ्यांवर पडली होती. मूल वाचलं, सून वाचली, पण ती बाळंत होऊन शहरात गेली ती परत आलीच नाही. भाचाही तिकडेच नोकरीला लागला. "वर नळ येऊ दे, आई, दुसऱ्या दिवशी सामान भरतो," असं तो दर फोनला म्हणायचा. सुनेला कोणी नावं ठेवली नाहीत. ठेवणार कशी? नातू चार वर्षांचा झाला होता आणि आजीला फोनमधून ओळखत होता.

हे सगळं काकांना माहीत होतं. इतकं माहीत होतं, की तिथेच घात झाला.

पहिल्या दारात एक म्हातारा म्हणाला, "काय लिहायचं? तुम्हाला काय सांगायला हवं का? लिहा तुम्हीच." दुसऱ्या दारातही तेच. तिसऱ्या दारात तर बाईने सही आधीच करून टाकली. काकांच्या छातीत त्या दिवशी एक वेगळंच बळ भरून आलं होतं. घरात सत्ता आलीय, आणि आपण घरातल्याच माणसाकडे हात पसरून पाणी मागायचं? परक्यासारखं? आमचा पूर्ण विश्वास आहे, असं लिहून दिलं तर समोरच्याला लाज वाटेल, तो आपण होऊन आपल्याला आधी वाढेल. असा हिशेब त्यांनी मनाशी मांडला. 'पाणी' लिहायला दोन अक्षरं लागतात. काकांनी सात लिहिली, तीही गोदामातल्या त्या सुबक, गोल हस्ताक्षरात. एकशे चौसष्ट वेळा.

"रस्ते, एकशे अठ्ठावन्न," चिटणीस पुढे वाचत होता. "पाणी, एकशे एकोणपन्नास. दवाखान्यात कायम नर्स, एक्याण्णव."

एकशे एकोणपन्नासात एकशे चौसष्ट मिळवायला काकांना बोटं मोजावी लागली नाहीत. तीनशे तेरा. रस्त्यांच्या दुपटीला जवळजवळ भिडलेला आकडा.

"तर मंडळी, लोकांनी आपल्याला मोकळीक दिलेली आहे," नगराध्यक्ष म्हणाले. निवडणुकीआधी त्यांचं सिमेंटचं दुकान होतं आणि काका त्यांना अरे-तुरे करायचे. "मोकळीक म्हणजे जबाबदारी. हा घ्या प्राधान्यक्रम. एक, गावाच्या तोंडाशी कमान आणि चौकात घड्याळाचा मनोरा. दोन, या इमारतीवर दुसरा मजला. तीन, बाजाराचा रस्ता."

"आणि पाणी?" काकांनी विचारलं. बसूनच विचारलं, म्हणून कोणाला ऐकू गेलं नाही. ते उभे राहिले. "साहेब, पाणी?"

नगराध्यक्षांनी यादीवर बोट फिरवलं. "आहे की. अकरा नंबरला. वरची वस्ती, पंप आणि टाकी, टप्पा तिसरा, निधी उपलब्ध झाल्यास."

"ती कार्डं माझ्या हातची आहेत. ठरवेल ते म्हणजे पाणीच. त्यांना पाणीच म्हणायचं होतं."

"मग तसं का नाही लिहिलं?" चिटणिसाने विचारलं. प्रश्न सरळ होता, टोमणा नव्हता.

"मला... मला वाटलं, आपल्याला माहीतच आहे."

दोघेतिघे हसले. वाईट हेतूने नाही, लग्नात म्हातारं माणूस काहीतरी बोलतं तेव्हा हसतात तसे. कोणीतरी काकांचा दंड धरून त्यांना स्टुलावर बसवलं आणि चहाचा कप हातात दिला. यादी आवाजी मताने मंजूर झाली.

सभा संपल्यावर काकांनी नगराध्यक्षांना जिन्यात गाठलं. "कार्डं पुन्हा भरून आणतो. दोन दिवस द्या. मी एकटा फिरतो."

"काका, यादी छापायला गेली." नगराध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते, म्हणूनच पुढचं बोलले. "तुमच्यापासून काय लपवायचं? कमानीच्या अंगाला चार वॉर्ड आहेत. तिथे आपण काठावर निवडून आलोय. पुढच्या वेळी ती माणसं हातची जातील. वरची वस्ती कुठे जाणार? ती आपलीच आहे. आपली माणसं थांबतात, काका."

"माझी बहीण सत्तर वर्षांची आहे रे," काका म्हणाले. सवयीने 'रे' तोंडातून गेला. दोघांनीही तो ऐकला नाही असं दाखवलं.

"त्यांना नमस्कार सांगा माझा," नगराध्यक्ष म्हणाले आणि खाली उतरले.

काका घरी गेले. बायकोने विचारलं, "काय झालं सभेत?" तर "काही नाही, झालं सगळं व्यवस्थित," एवढंच म्हणाले. जेवताना त्यांनी मीठ दोनदा मागितलं आणि दोन्ही वेळा घातलं नाही. लाज वाटत होती. राग आला असता तर बरं झालं असतं. राग निदान दुसऱ्या कोणावर तरी काढता येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पायथ्याच्या नळावर गेले. रांगेत वीस-बावीस बायका होत्या. बहीण मध्ये कुठेतरी उभी होती, एका हाताने कंबर धरून, समोर कळशी आणि झाकणाचा डबा.

"या टाचणीकाका," एक शिवणकाम करणारी बाई ओरडली. लांब जिभेची म्हणून वस्तीत तिचा दरारा होता. "लागला का आमचा नंबर? आता नळ वर की आम्ही वर?"

बायका हसल्या. काकांनी रात्रभर जुळवलेली वाक्यं एकदम कुठेतरी नाहीशी झाली.

"अकरावा लागला," ते म्हणाले. "पैसे आले तर करणार. आणि चूक माझी आहे. तुमच्या कार्डांवर मी पाणी लिहिलं नाही. 'पक्ष ठरवेल ते' असं लिहिलं. सगळ्यांच्या."

नळाखालचा हंडा भरून वाहायला लागला तरी तो कोणी बाजूला केला नाही. मग एका बाईने घाईने केला, कारण पाणी वाया जात होतं.

"सगळ्यांच्या?" शिवणवालीने विचारलं.

"हो."

"माझ्यासुद्धा?"

"हो."

आता ती फाडून खाणार, असं काकांना वाटलं. तिने खाल्लं असतं तर ते उभ्या उभ्या ऐकून घेणार होते, तेवढीच तयारी करून आले होते. पण तिने आपला डबा पायाने एक वीत पुढे सरकवला.

"पुढच्या खेपेला नीट लिहा मग," ती म्हणाली.

"पुढच्या खेपेला तुम्ही दुसऱ्या कोणाकडून तरी..."

"कोणाकडून?" ती म्हणाली. तिच्या आवाजात आता राग नव्हता, आणि त्यामुळेच काकांना उभं राहवेना. "वर दुसरं येतंय कोण, काका?"

रांग पुढे सरकली. बहिणीचा नंबर आला तेव्हा काकांनी कळशी भरली, डबा भरला आणि दोन्ही उचलले. तिने कळशी त्यांच्या हातातून काढून घेतली. "तुझा गुडघा," एवढंच म्हणाली. दोघं पायऱ्या चढायला लागले. दर दहा-बारा पायऱ्यांवर ती थांबायची. स्वतःसाठी की धाकट्या भावासाठी, हे तिने सांगितलं नाही.

अर्ध्या चढावर काकांना राहवलं नाही. "ताई, शिव्या तरी दे."

"कशाला? तू काय वाईटासाठी लिहिलंस?" ती दम खात म्हणाली. "एकच सांगते. त्या दिवशी तू आलास, चहा प्यालास, सही घेतलीस. मी तोंड उघडत होते. म्हटलं, सांगावं, आपल्या तोंडाने एकदा म्हणावं, की पाणी पाहिजे. आजवर कोणी विचारलंय मला? तू कार्ड खिशात घातलंस आणि चालता झालास."

काकांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. त्यांना रडू येत होतं आणि पायरी दिसत नव्हती.

घरी पोचल्यावर बहिणीने पाणी झाकून ठेवलं आणि आतल्या खोलीचं दार उघडलं. काकांनी पाहिलं, भिंतींना नवा पांढरा रंग होता, हात पोचला तिथवर. त्याच्या वर जुना, धुरकटलेला. खिडकीला पडदा होता. खालच्या खुंट्या काढून वर ठोकल्या होत्या, लहान मुलाच्या डोक्याला लागणार नाहीत अशा.

"हे कधी केलंस?"

"तू कार्डं घेऊन गेलास ना, त्याच आठवड्यात." तिने पडदा काढला, चार घड्या घातल्या आणि पेटीत ठेवला. मग मागच्या दाराकडे गेली. "तेवढी लाकडं आत घ्यायला हात लाव. बाहेर भिजतात."

"या खोलीत? ताई, राहू दे की मोकळी. काय सांगावं, वर्ष-दोन वर्षांत..."

"कोरडी खोली आहे," ती म्हणाली. "लाकडं चांगली राहतील."

काका मागच्या अंगणात गेले. पहिली मोळी त्यांनी छातीशी धरून आत आणली. नवा रंग खरवडू नये म्हणून भिंतीपासून हातभर अंतर सोडून ती जमिनीवर ठेवली. बहिणीने ती पायाने भिंतीला सरकवली, जागा वाया जाऊ नये म्हणून, आणि दुसरी आणायला गेली.